काठी दाखव, मग मत सांग!

बालमित्रांनो, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या पाहू. तुम्ही आणि तुमच्या मैत्रिणीने एकच पुस्तक वाचलं. तुम्हाला ते इतकं आवडलं, की आईने जेवायला तीनदा हाका मारल्या तरी हातातून सुटलं नाही. आणि मैत्रीण मात्र नाक मुरडून म्हणाली, "छे, मला नाही आवडलं!" आता बरोबर कोण? तुम्ही की ती?

याच प्रश्नावरून गेल्या वर्षी आमच्या वर्गात असा गलका झाला, की शेजारच्या वर्गावरचे गुरुजी दारात येऊन विचारून गेले, "काय हो बाई, बिबट्या शिरला की काय वर्गात?"

गुरुजींनी बिबट्याचं नाव उगाच घेतलं नाही बरं का! आमचं गाव आळे, जुन्नर तालुक्यातलं. ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी आमच्याच गावात आहे. पुणे-नाशिक रस्त्याने गेलात तर आळेफाटा लागतोच. गावाच्या चहूबाजूंनी ऊस, कांदा, टोमॅटो. आणि उसात बिबट्या! मादी उसातच पिल्लं घालते, तिथेच ती वाढतात. अंधार पडला की आमच्याकडे कोणी एकटं बांधावरून जात नाही. लहान मुलांना तर दिवे लागायच्या आतच घरात बोलावतात.

आता गंमत पाहा. आम्ही जे पुस्तक वाचायला घेतलं, त्यातही अगदी हेच होतं. अंधार पडल्यावर माळावर जाऊ नका, असा इशारा!

माळरानावरचं रहस्य

१५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस शाळाशाळांतून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी मी मुलांना म्हटलं, "रोज शेवटच्या तासाला एक प्रकरण वाचू. कोणतं पुस्तक घ्यायचं?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "रहस्यकथा!"

म्हणून मी सर आर्थर कॉनन डॉयल यांची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही कादंबरी निवडली. हाउंड म्हणजे शिकारी कुत्रा. मराठीत तिचे एकाहून अधिक अनुवाद झाले आहेत. तुमच्या आईबाबांनी, आजीआजोबांनी 'बीस साल बाद' हा १९६२ सालचा हिंदी चित्रपट पाहिला असेल. तोही याच कादंबरीवरून सुचलेला.

गोष्ट सुरू होते ती लंडनमध्ये, शेरलॉक होम्सच्या खोलीत. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचं एक मोठं, ओसाड माळरान आहे. मोठमोठे खडक, दलदल आणि धुकं. त्या माळाच्या कडेला बास्करव्हिल घराण्याचा वाडा. या घराण्यामागे एक भयंकर कुत्रा लागला आहे, अशी जुनी दंतकथा. आणि एके दिवशी वाड्याचे मालक सर चार्ल्स घराबाहेरच्या झाडांच्या वाटेवर मरून पडलेले आढळतात. अंगावर जखम नाही. पण थोड्या अंतरावर ठसे आहेत. एका अवाढव्य कुत्र्याच्या पंजाचे!

पुढचं मी सांगणार नाही. रहस्यकथेचा शेवट सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला लाडू पळवणं!

वर्गात चार पक्ष

पुस्तकात एकूण १५ प्रकरणं. तीन आठवडे वाचन चाललं. पण मतं सांगायला मुलं शेवटपर्यंत कुठली थांबायला! मध्यावर आलो तेव्हाच वर्गात पक्ष पडायला लागले होते आणि पुस्तक संपेपर्यंत ते चांगले चार झाले.

पहिल्या पक्षाचा पुढारी म्हणाला, "एकदम भारी! मी तर दम धरून ऐकत होतो."

दुसऱ्याची तक्रार वेगळीच. "बाई, पुस्तक होम्सचं, आणि होम्सच गायब! तो वॉटसनला एकट्याला पाठवून देतो. सहाव्या प्रकरणापासून अकराव्यापर्यंत नुसता वॉटसन, वॉटसन, वॉटसन! सचिन खेळणार म्हणून मॅच बघायला बसावं आणि सचिन पॅव्हेलियनमध्येच बसून राहावा, असं झालं हे."

तिसरी म्हणाली, "गुन्हेगाराचं नाव बाराव्या प्रकरणातच कळतं. मग पुढची तीन प्रकरणं कशाला?" त्यावर मागच्या बाकावरून उत्तर आलं, "अगं, नुसतं नाव कळून काय उपयोग? पुरावा नको का? पुराव्याशिवाय पोलीस पकडतील का त्याला?"

आणि चौथा पक्ष एकाच मुलीचा. तिने मत दिलं होतं ते अगदी मध्यावरच, माळावरचा तो भेसूर आवाज वॉटसनच्या कानावर येतो ते प्रकरण झालं त्या दिवशी. मान खाली घालून ती एवढंच म्हणाली, "मला नाही आवडलं."

"का?" मी विचारलं.

ती गप्प. मग कोणीतरी म्हणालं, "भित्री!" आणि वर्ग हसला.

दोस्तांनो, खरं सांगते. मीही थोडी हसले. आणि म्हणाले, "अगं, ही नुसती गोष्ट आहे. गोष्टीला काय घाबरायचं?" एवढं बोलून मी पुढच्या मुलाकडे वळले.

मळ्यातलं घर

त्यानंतर दोन दिवस ती मुलगी शाळेत आली नाही. शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. तिचं घर गावात नाही, मळ्यात आहे. दोन्ही बाजूंना उंच ऊस आणि मधून बैलगाडीची वाट. दिवस होता तरी माझी पावलं आपोआप भराभर पडायला लागली.

तिच्या आजीने ओट्यावर बसायला दिलं आणि सांगितलं, "बाई, पोरगी रातची दचकून उठती. गेल्या पावसाळ्यात गोठ्यातनं कालवड नेली ना बिबट्यानं, तवा हिनं तो आवाज ऐकला होता. आता तुमच्या त्या गोष्टीत बी तसाच आवाज आला म्हनं."

मला काय बोलावं ते सुचेना. आजी पुढे म्हणाल्या, "आनि मोटारीची लाईट येती रातची. हिचा बाप बॅटरी घेऊन उसाला पानी द्यायला जातो. तो परत येईस्तवर ही जागीच."

वर्गात ज्यांना ती गोष्ट 'भारी' वाटली होती, ती मुलं गावठाणात राहणारी होती. चार घरांच्या मध्ये, रस्त्यावरच्या दिव्याखाली. आणि जिला ती आवडली नाही, ती रोज रात्री त्या गोष्टीतच राहत होती! पुस्तक तिला समजलं नव्हतं असं नाही. आमच्या सगळ्यांपेक्षा तिलाच ते जास्त समजलं होतं. तिच्याजवळ कारण होतं, पण ते सांगायला मी तिला वेळच दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर सांगितलं, "त्या दिवशी चूक माझी झाली. न आवडण्याचं कारण ऐकून न घेता मी हसले." वर्ग एकदम शांत झाला. मग मी त्या मुलीला विचारलं, "तुला नको असेल तर आपण हे पुस्तक बंद करू. दुसरं वाचू."

तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "पण बाई, पुढं काय झालं?"

एक काठी, दोन मतं

भीती वाटते आणि तरी पुढचं कळायला हवं! रहस्यकथेची सगळी ताकद त्या एका वाक्यात आली, नाही का?

त्या दिवशी आम्ही नवं प्रकरण वाचलं नाही. मी पुन्हा पहिलं प्रकरण काढलं. त्यात एक मजेदार प्रसंग आहे. होम्सला भेटायला आलेला एक माणूस, होम्स घरी नाही असं पाहून परत जातो आणि आपली काठी तिथेच विसरतो. होम्स आणि वॉटसन यांनी त्या माणसाला पाहिलेलंच नाही. समोर आहे ती फक्त काठी.

होम्स म्हणतो, या काठीवरून मालक कसा असेल ते सांग. वॉटसन काठी निरखतो आणि म्हणतो, हा खेड्यातला म्हातारा डॉक्टर असावा. काठीचं टोक झिजलंय, म्हणजे पायी खूप फिरत असावा. मग होम्स तीच काठी हातात घेतो. तो म्हणतो, खेड्यातला डॉक्टर हे बरोबर, पायी फिरतो हेही बरोबर. पण म्हातारा नाही, तरुण आहे. विसराळू आहे. आणि त्याच्याजवळ एक कुत्रा आहे, कारण काठीच्या मध्यावर दातांच्या खुणा आहेत!

काठी एकच, पण मतं दोन. होम्स वॉटसनला 'तुला काही कळत नाही' असं म्हणून गप्प बसवत नाही. चूक कुठे झाली ते काठीवर बोट ठेवून दाखवतो. आणि वॉटसनचंही जेवढं बरोबर, तेवढं बरोबरच राहतं.

मी फळ्यावर लिहिलं : 'मत कोणतंही चालेल. पण काठी दाखवा.' म्हणजे काय, तर पुस्तक आवडलं म्हणा, नाहीतर नाही आवडलं म्हणा. पण कोणत्या पानावर, कोणत्या प्रसंगात, कशामुळे, ते सांगा. कारण पुस्तकातलं असेल किंवा स्वतःच्या आयुष्यातलं असेल. दोन्ही चालतील. चालणार नाही ते एकच, दुसऱ्याला 'भित्री', 'ढ' किंवा 'मंद' म्हणणं. कारण त्यात काठी कुठेच नसते!

आणि काय सांगू, वर्गाचा नूरच पालटला. एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, ते ठसे कुत्र्याचेच होते कशावरून? नुसता मोठा पंजा म्हणून? आमच्याकडे वनखात्याचे लोक येतात ना, ते नखं बघतात. कुत्र्याच्या ठशात नखांच्या खुणा उमटतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात त्या दिसत नाहीत. आणि बिबट्याचा ठसा गोल असतो, कुत्र्याचा लांबट."

अगदी बरोबर! मांजराच्या कुळातले बहुतेक प्राणी चालताना नखं आत ठेवतात. उसाच्या बांधावर चिखलात ठसा दिसला, तर पाहणारी माणसं आधी हेच बघतात. लंडनच्या होम्सला जे सुचावं ते आळ्याच्या पोराला आधीच ठाऊक होतं!

लेखकाच्या घरातही दोन मतं

तुम्हाला वाटेल, असे वाद शाळेतल्या मुलांतच होत असतील. छे! खुद्द डॉयल यांच्या घरातच हा वाद होता. आणि तो कोणाशी, तर आईशी!

डॉयल यांचा जन्म १८५९ चा, एडिंबरोचा. शिक्षणाने ते डॉक्टर. १८८७ साली होम्सची पहिली कादंबरी आली आणि पुढे 'स्ट्रँड' मासिकातल्या कथांनी होम्स घरोघर पोहोचला. पण स्वतः डॉयल यांना वाटायचं, की आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्याच खऱ्या मोलाच्या. होम्समुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष होतंय. १८९१ साली त्यांनी आईला पत्र लिहून कळवलं, की होम्सला संपवून टाकायचा विचार आहे. आईने तिथल्या तिथे विरोध केला. आईचं ऐकून होम्स वाचला, पण दोनच वर्षं. डिसेंबर १८९३ च्या कथेत डॉयल यांनी त्याला स्वित्झर्लंडमधल्या धबधब्यावर संपवलंच.

वाचक खवळले! मासिकाचे अंक बंद करणारे निघाले, रागाची पत्रं आली. एका बाईंनी तर पत्राची सुरुवातच शिवीने केली होती, असं डॉयल यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे.

आठ वर्षांनी, ऑगस्ट १९०१ पासून 'स्ट्रँड'मध्ये क्रमशः यायला लागली तीच ही बास्करव्हिलची कादंबरी. एप्रिल १९०२ पर्यंत ती चालली. मात्र डॉयल यांनी एक युक्ती केली. ही हकिकत होम्स जाण्यापूर्वीची आहे, असं दाखवलं. होम्सला खरोखर परत आणलं ते १९०३ साली. म्हणजे लेखकाचं मत एक, आईचं दुसरं, वाचकांचं तिसरं. आणि होम्स आजही वाचला जातो आहे!

भूगोलाच्या पुस्तकातला झुंजार

आता थोडं पालकांसाठी. आमच्या पालक सभेत एका वडिलांनी स्पष्टच विचारलं, "बाई, अभ्यास सोडून हे खुनाबिनाचं कशाला वाचून दाखवता?"

मी उत्तर देणार, एवढ्यात नातवाबरोबर आलेले एक आजोबा उठले. "आमच्या वेळेला आमचा बापही हेच म्हणायचा," ते म्हणाले. "वरून भूगोलाचं पुस्तक आणि आत झुंजार! दोन छड्या खाल्ल्या, पण पुस्तक संपवलं. वाचायची गोडी मला त्यानंच लावली."

आजोबांचा झुंजार म्हणजे बाबूराव अर्नाळकरांचा नायक. त्यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची पात्रं एका काळी महाराष्ट्रभर माहीत होती. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या आणि गिनेस बुकाने त्याची नोंद घेतली. १९९६ साली ते वारले. त्यांच्या पुस्तकांसाठी वाचनालयांत वाचकांचे नंबर लागत. पण बड्या समीक्षकांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. हे कसलं साहित्य, असं म्हणणारे होते. आणि यानेच आम्ही वाचायला शिकलो, असं म्हणणारेही होते. आजही दोन्ही बाजूंची माणसं भेटतील.

त्या वडिलांना मी काय उत्तर दिलं? म्हटलं, "तुमची काळजी खोटी नाही. कुठली गोष्ट कुणाला झेपेल ते बघायलाच हवं. मी ते बघितलं नव्हतं, आता बघते. पण पुस्तक लपवून वाचण्यापेक्षा तुमच्या समोर वाचलेलं बरं. घरी त्याला एवढंच विचारा, आवडलं का आणि का आवडलं?" वडिलांना ते सगळं पटलं असं नाही. पण पुढच्या सभेत ते म्हणाले, "तो 'काठी दाखवा, काठी दाखवा' असं घरी म्हणतो, ते काय आहे?"

चांगलं आणि आवडलं

त्या मुलीचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलंच की!

तिने ते पुस्तक घरी नेलं. उरलेली प्रकरणं दिवसाउजेडी, ओट्यावर, आजीला मोठ्याने वाचून दाखवली. वर्गात पुस्तक संपलं त्या दिवशी प्रत्येकाने आपलं मत वहीत लिहून आणलं. तिने उभं राहून वाचलं, "मधली प्रकरणं मला आवडली नाहीत, कारण तिथं आवाज येतो आणि कुणीच काही करत नाही. शेवट आवडला. भुताची गोष्ट नुसती घाबरवते. ही गोष्ट घाबरवते आणि मग बॅटरी लावून बघते. पुस्तक चांगलं आहे. पण मला आवडलं नाही."

वर्गात एकही मूल हसलं नाही. 'भारी' म्हणणारा पुढारी हळूच म्हणाला, "बाई, असं पण असतं?"

असतं ना! चांगलं असणं आणि आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारलं चांगलं असतं, पण सगळ्यांना कुठे आवडतं? आणि एखादं साधंसुधं पुस्तकही आपल्याला फार आवडू शकतं. दोन्ही खरं सांगता यायला हवं. मला स्वतःला हे नीट कळायला शिक्षिका होऊन दहा वर्षं जावी लागली. आणि शिकवलं कोणी, तर मळ्यातल्या एका मुलीने!

तेव्हा बालमित्रांनो, आता तुमची पाळी. घरातली एखादी रहस्यकथा घ्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या, नाहीतर भालबा केळकरांनी मराठीत आणलेला होम्स घ्या. ती तुम्ही वाचा आणि आणखी एकाला वाचायला द्या. आईला, आजोबांना, शेजारच्या दादाला. मग वहीच्या एका पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे तुमचं मत लिहा, उजवीकडे त्यांचं. आणि प्रत्येक मतासमोर पुस्तकातला पान नंबर!

दोन्ही रकाने सारखे आले नाहीत, तर मुळीच घाबरू नका. नीट वाचलंत, म्हणूनच ते वेगळे आले असतील.

फक्त एक लक्षात ठेवा. काहीही झालं तरी शेवट सांगायचा नाही!